गिअरबॉक्स गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते. तिच्या डिझेल अवतारात नऊ गिअरची ऑटोमॅटिक असते आणि बिघाड झाला की स्कॅनर जोडून बिघाडाचा क्रमांक वाचता येतो. त्याच पुणे-नगर रस्त्याने थोडं पुढे शिरूर गाठलं आणि तिथे १९७६ साली बाजारात आलेल्या बांध्याची एखादी जुनी मर्सिडीज रस्त्याच्या कडेला रुसून उभी राहिली, तर स्कॅनरचा काही उपयोग नाही. जोडायला जागाच नाही. बोनेट उघडतं, चार माणसं जमतात, गाडी एकदा 'डी'त आणि एकदा 'आर'मध्ये टाकून पाहिली जाते आणि निकाल लागतो: गिअरबॉक्स गेला. दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. ऑटोमॅटिक काढा, मॅन्युअल बसवून टाका.

हा निकाल बहुतेक वेळा सुनावणी न होताच लागलेला असतो, म्हणून हा लेख. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये संगणक नाही. जे आहे ते तेल, दाब, निर्वात, स्प्रिंगा आणि झडपा. त्यामुळे तिची तपासणी डोळ्यांनी, नाकाने, कानांनी आणि एका आरपीएम मीटरने बरीच पुढे नेता येते. या तपासण्यांना खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो उघडण्याचा. एकदा पेटी उघडली, सील आणि गॅस्केट फाटली, की ती पुन्हा मिटवायला सुटे भाग लागतात आणि ते शिरूरमध्ये मिळत नाहीत, दौंडमध्येही नाही.

अशा गाड्या या भागात पोचल्या कशा, तेही थोडक्यात सांगायला हवं. आयात जवळपास बंद होती तेव्हा वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना आपली गाडी सोबत आणण्याची सवलत होती. त्यातल्या काही हात बदलत बदलत उसाच्या पट्ट्यात आल्या. देशात बनणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी. इथून जवळच, इंदापूर तालुक्यात, ज्यांच्या नावाने वालचंदनगर उभं राहिलं त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या, पण त्या स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर असलेल्या, क्लच दाबायच्या गाड्या. त्यानंतरची अँबॅसिडर आणि पद्मिनीही तशीच. दोन-तीन पिढ्यांचे मिस्त्री क्लच प्लेटवर तयार झाले. ज्याने क्लच नसलेली गाडी आयुष्यात चार-पाचदाच पाहिली, त्याने तिला लगेच आजारी ठरवलं तर दोष त्याच्या हाताचा नाही, सरावाचा आहे.

गंमत अशी की क्लचच्या जागी तेल वापरण्याची विद्या पुणे जिल्ह्याला अजिबात नवी नाही. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी टॉर्क कन्व्हर्टर या यंत्राचं पेटंट घेतलं. मोटारीत ते टप्प्याटप्प्याने आलं: १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक, पण तिच्यात नुसतं तेलाचं कपलिंग होतं, ते ताकद वाढवत नसे; १९४८ च्या ब्यूकमध्ये डायनाफ्लो, तिच्यात खरा टॉर्क कन्व्हर्टर; १९५० ला शेव्हरलेची पॉवरग्लाइड. आणि आपल्याकडे रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी 'सुरी ट्रान्समिशन' घडवलं; त्यांना १९६२ चं भटनागर पारितोषिक मिळालं. रेल्वे इंजिनांची अशी हायड्रॉलिक ट्रान्समिशन पुढे हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये बनत होती. दौंडच्या फलाटावर उभं राहून ज्यांनी डिझेल शंटिंग इंजिनं बघितली, त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की त्यातल्या काहींच्या पोटात मर्सिडीजच्याच जातीचं यंत्र फिरत होतं!

ते यंत्र समजून घेतल्याशिवाय तपासणी म्हणजे चाचपडणं. बंद डब्यात तीन चक्रं असतात. पहिलं इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल बाहेर फेकतं. दुसरं ते तेल झेलून फिरतं आणि गिअरबॉक्सला ताकद देतं. गाडी जागेवरून सुटताना दुसऱ्यातून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि पहिल्यालाच अडवू पाहतं. म्हणून मधे तिसरं चक्र, स्टेटर. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस पाट फोडून पाणी हव्या त्या सरीत वळवतो, तेच काम स्टेटरची पाती करतात: परतणारं तेल वळवून पहिल्याच्या फिरण्याच्या दिशेने सोडतात. त्यामुळे सुटताना ताकद साधारण दुप्पट होते. गाडी वेगात आली, दोन्ही चक्रं जवळपास सारख्या गतीने फिरू लागली, की स्टेटरची गरज संपते आणि तो तेलासोबत मोकळा फिरू लागतो. त्याच्या मधोमध एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. कन्व्हर्टरच्या निम्म्या तक्रारी समजून घ्यायच्या तर हा छोटा क्लच लक्षात ठेवावा.

तपासणीची सुरुवात मात्र तिथून नाही. सुरुवात तेलापासून.

डिपस्टिक कशी बघावी यावरच पहिली चूक होते. इंजिनाचं तेल आपण गाडी बंद करून बघतो. बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी लावून, तेल गरम झाल्यावर बघायचं असतं. मर्सिडीजमध्ये 'पी'त, जुन्या क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये 'एन'मध्ये, कारण तिच्यात 'पी'त असताना कन्व्हर्टरला तेल पोचत नाही. सहा महिने ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. मग थंड गाडीची डिपस्टिक तेल खूप जास्त दाखवते, चेंबर तुडुंब भरल्याने सीलमधून खाली डबकं साचतं, आणि 'डी' टाकल्यावर काही वेळ गाडी हलतच नाही. बघणारा म्हणतो, तेल जास्त झालंय, सील गेलंय, गिअरही गेला. तो तेल काढतो. प्रत्यक्षात गाडी चालू करून 'एन'मध्ये काही मिनिटं ठेवली असती तर पंपाने कन्व्हर्टर भरला असता आणि गाडी चालली असती. आता मात्र तेल खरोखरच कमी आहे. पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, क्लच प्लेटा घसरून जळतात. उपचाराने रोग दिला.

तेल पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून बघावं. लाल रंग हा नुसता रंग आहे. जुनं तेल तपकिरी झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. जळका वास आणि काळी पूड एकत्र आली तर प्लेटा गेल्या असं समजावं. फेस आला असेल तर पातळी कमी किंवा जास्त, दोन्हींपैकी एक. आणि तेल गुलाबी, दुधट दिसलं, तर त्यात पाणी शिरलं आहे. हे पाणी येतं रेडिएटरमधून, कारण ऑटोमॅटिकचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात रेडिएटरला कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालण्याची सवय सार्वत्रिक आहे. त्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटर धरतो आणि नळी आतून खाल्ली जाते. पाणी तेलात गेलं की प्लेटांवरचं कागदी अस्तर सुटू लागतं. त्यांचा डिंक पाणी सोसत नाही. म्हणून ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर हा गिअरबॉक्सचाच भाग मानायला हवा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

तेल कुठलं, हाही तितकाच गंभीर प्रश्न. ऑटोमॅटिकमध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतलेल्या गाड्या असतात. जेसीबीचं अडुसष्ट नंबर ओतलेल्याही. ही तेलं घर्षणासाठी बनलेलीच नाहीत. जनरल मोटर्सच्या आणि फोर्डच्या जुन्या तेलांतही मोठा फरक होता: फोर्डच्या 'टाइप एफ'मध्ये घर्षण मऊ करणारं द्रव्य नसे, त्यामुळे प्लेटा कचकन धरत. जनरल मोटर्सच्या तेलात हे मऊ करणारं द्रव्य १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म देवमाशाच्या तेलातून यायचं. देवमाशाला संरक्षण मिळालं तेव्हा ते सोडावं लागलं आणि पर्याय सापडेपर्यंत गिअरबॉक्सवाल्यांची दैना झाली. पन्नास वर्षांच्या गाडीला तिच्या पुस्तकात लिहिलेलं किंवा त्याची जागा घेणारं तेलच द्यावं. दुकानदाराच्या 'चालतंय' वर जाऊ नये.

तेल ठीक असेल तर नजर पेटीच्या बाहेर लावावी. बिघाड आत आहे असं समजण्याआधी बाहेर काय काय सुटलेलं आहे ते बघणं, हीच खरी कसोटी. जुन्या मर्सिडीज डिझेलचं उदाहरण घ्या. गिअर किती मऊ किंवा किती कडक पडावा हे ठरवायला गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळावा लागतो. पेट्रोल इंजिनात ते मॅनिफोल्डच्या निर्वातावरून कळतं. डिझेलमध्ये तो निर्वात नसतो, म्हणून इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि रबरी कोपऱ्यांनी जोडलेल्या बारीक नळ्यांमधून निर्वात गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरपर्यंत जातो. तोच पंप ब्रेकला मदत करतो, तोच दरवाजांची कुलपं चालवतो, चावी फिरवल्यावर इंजिनही त्याच्याच निर्वाताने बंद होतं. आता चार दशकांच्या उन्हात रबर तडकलं की गिअर धक्का देऊन पडू लागतात. मालक म्हणतो, चावी काढली तरी इंजिन बंद व्हायला वेळ लागतो. मिस्त्री म्हणतो, ती वेगळी तक्रार, गिअरबॉक्स मात्र गेलेला आहे. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, आणि तेही एखाद्या दरवाजाच्या कुलपातल्या फाटक्या रबरात. काही रुपयांच्या रबरी कोपऱ्यासाठी गिअरबॉक्स उतरवला जातो, हे मला सहन होत नाही.

मॉड्युलेटर तपासायची रीत सोपी आहे. त्याची नळी काढून आत बघायचं. नळीत लाल तेल दिसलं तर आतला पडदा फाटला आहे. पेट्रोल गाडीत हे तेल इंजिनात ओढलं जाऊन जळतं: सायलेन्सरमधून पांढरा धूर, खाली गळती नाही, तरी तेल कमी होत जातं. अशा गाडीच्या इंजिनाचं काम निघालेलं असतं, पिस्टन रिंगा बदललेल्या असतात आणि धूर तसाच.

इंजिनाला नाहक शिक्षा देणारा आणखी एक प्रकार म्हणजे फ्लेक्सप्लेट. कन्व्हर्टर इंजिनाला एका पातळ पोलादी तबकडीने जोडलेला असतो. तिला चीर गेली किंवा बोल्ट ढिले झाले तर आवाज थेट बेअरिंग गेल्यासारखा येतो. टॉर्च खाली धरून, झाकण काढून, हाताने इंजिन फिरवत ती तबकडी बघायला वेळ फार लागत नाही. आवाजाचीच दुसरी परीक्षा अशी: गाडी उभी, ब्रेक दाबलेला, आधी 'एन', मग 'डी'. 'डी'त उभ्या गाडीत कन्व्हर्टरचं दुसरं चक्र थांबलेलं आणि पहिलं फिरत असतं. आतली बेअरिंग झिजलेली असतील तर घरघर तेव्हाच येते आणि 'एन'ला जवळपास थांबते. दोन्हींत सारखी येणारी, इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी किणकिण पंपाची.

आता कन्व्हर्टरची खरी परीक्षा, स्टॉल टेस्ट. इंजिन आणि तेल गरम, चारी चाकांना दगड, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, गाडीच्या पुढे-मागे एकही माणूस नाही. 'डी' टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आरपीएम कुठे अडकतो ते वाचायचं आणि सोडून द्यायचं. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. त्या पाच सेकंदांत इंजिन जेवढी ताकद काढतं ती सगळी तेलात उष्णता म्हणून उतरते. चाकं तर फिरतच नाहीत. मग 'एन'मध्ये मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून तेल थंड करायचं. कुजलेले इंजिन माउंट किंवा संशयाचे ब्रेक असलेल्या गाडीवर ही परीक्षा करूच नये.

आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. जास्त आला तर आतल्या प्लेटा किंवा बँड घसरतायत. फक्त 'डी'त जास्त आणि 'आर'मध्ये बरोबर असेल तर पुढच्या क्लचवर संशय, दोन्हींत जास्त असेल तर दाबावर, पंपावर. थोडा कमी आला तर इंजिनच अशक्त: फिल्टर चोंदलेला, डिझेल पंपाचं टायमिंग हललेलं. खूपच कमी, साधारण एक-तृतीयांशाने, तर स्टेटरचा तो छोटा क्लच धरत नाही.

आता गंमत बघा, शिरूर-दौंडच्या किती मिस्त्र्यांना ही परीक्षा ऐकूनही माहीत नाही, आणि तरी याच दोन तालुक्यांत ती नेहमी होते. जेसीबीवर. बॅकहो लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, पुढे-मागे जायचे क्लच तेलाच्या दाबावर चालतात, आणि त्याच्या सेवापुस्तकात कन्व्हर्टर स्टॉल, हायड्रॉलिक स्टॉल आणि दोन्ही एकत्र असे तीन आकडे घ्यायला सांगितलेलं असतं. तिन्ही कमी आले तर इंजिन. एकटा कन्व्हर्टरचा बिघडला तर कन्व्हर्टर. वाळूपासून शेततळ्यापर्यंत जिथे तिथे जेसीबी आहे, कुरकुंभच्या कारखान्यांत आहे, ऊसतोडीच्या रस्त्यावर आहे. ही यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसांकडे दाबाचा गेज आहे, जळक्या तेलाचा वास ओळखणारं नाक आहे, घसरणारा क्लच आणि अशक्त इंजिन यांतला फरक सांगणारा सराव आहे. मर्सिडीजचा मालक त्यांच्या गॅरेजकडे बघत नाही, कारण तिथे चिखल असतो. जुन्या ऑटोमॅटिकचा मालक म्हणून माझा पहिला सल्ला हा असेल: कारचा मिस्त्री शोधण्याआधी चांगला जेसीबी मिस्त्री शोधा आणि त्याच्या हातात तुमच्या गाडीचं पुस्तक द्या.

स्टेटरचे दोन बिघाड रस्ताही वेगवेगळे सांगतो. शिरूरच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडजवळ, गाडी जागेवरून उचलत नाही, चढावर दम खाते, पण चौफुल्याला सोलापूर हमरस्त्यावर लागली की ठणठणीत पळते: स्टेटर दोन्ही दिशांनी सैल फिरतो आहे. उलट, गावात मस्त उचलते पण पाटसकडे मोकळा रस्ता मिळूनही एका वेगाच्या पुढे जात नाही आणि तेल उकळतं: स्टेटर जाम झाला आहे, वेगात मोकळा होत नाही. इंजिन अशक्त असतं तेव्हा गाडी दोन्हीकडे अशक्त असते. हा भेद पैसे न खर्चता कळतो आणि मर्सिडीज असेल तर आणखी एक गोष्ट धरावी: त्यातल्या अनेक गाड्या हलक्या पायाने दुसऱ्या गिअरमध्येच सुटतात. तो बिघाड नाही.

रस्त्याची परीक्षा हंगाम बघूनही घ्यावी. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की न्हावऱ्याकडून पारगावमार्गे चौफुल्याला जाताना दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढे असतात. बैलगाडीच्या वेगाने, 'डी'त, ब्रेकवर पाय ठेवून मैलभर सरकणं ही कन्व्हर्टरला सर्वांत महाग पडणारी चाल आहे. दौंडच्या कुरकुंभ मोरीतल्या कोंडीत तेच. तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पुढच्या दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा धंद्यातला ढोबळ आडाखा आहे. उभं राहायचं असेल तेव्हा 'एन' करावं आणि रेडिएटरच्या पुढे एक वेगळा छोटा ऑइल कूलर बसवून घ्यावा. मूळ गाडी बदलते म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की दोन नळ्या आणि चार क्लिपा पुन्हा काढता येतात. मॅन्युअल बसवलेली गाडी मूळपदावर येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात टिकवलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. मूळ रूप आता नुसती हौस राहिलेली नाही.

रस्त्यात गाडी बंद पडली तर मात्र इथली मदतच घातक. धक्का मारून ती चालू होत नाही, कारण इंजिन फिरत नसेल तर पंप फिरत नाही आणि दाब नाही. खूप जुन्या पेट्यांना मागे दुसरा पंप असे, तो क्रायस्लरने १९६६ ला काढून टाकला. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणतो आणि टोचन लावतो. मागची चाकं फिरतात, गिअरबॉक्स आतून फिरतो, वंगण शून्य. शिरूरपासून पुण्यापर्यंत असं ओढत नेलं तर जो गिअरबॉक्स आधी शाबूत होता तो पोचेपर्यंत खरोखर जातो. ट्रकवर चढवून न्यावी. तेही नसेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडावा. ट्रॅक्टरवाल्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हे तिथेच थांबवून सांगायचं.

एवढं करूनही कधी पेटी उघडावीच लागते. चेंबर काढल्यावर तळाशी थोडा काळा गाळ असतोच. पण पितळी चकाकी किंवा ॲल्युमिनियमचे कण असतील तर आत झीज खोल गेली आहे. कन्व्हर्टर धुऊन साफ होत नाही, त्यातले कण निघत नाहीत. तो लेथवर कापावा लागतो, स्टेटरचा क्लच आणि बेअरिंग बदलून पुन्हा वेल्ड करावा लागतो, सरळ फिरतो का ते बघून बॅलन्स करावा लागतो. परत बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलायचा, पंपाच्या खाचा, स्टेटरचा शाफ्ट आणि इनपुट शाफ्ट अशा प्रत्येक जागी तो खटकन एक पायरी आत जातो. ही शेवटची पायरी राहून गेली आणि इंजिन-गिअरबॉक्सचे बोल्ट आवळून दोन्ही जवळ ओढले, तर पहिल्या चावीला पंप फुटतो. म्हणून बोल्ट घट्ट करण्याआधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि फ्लेक्सप्लेटपासून पुस्तकात दिलेलं अंतर उरतं का, हे मोजूनच पान्हा उचलायचा.